पत्रे आमची, किल्ली कुणाची?

१

आपल्या सुशिक्षित वर्गात गेल्या वीस वर्षांत एक नवा वेदान्त रूढ झाला आहे. यजमान आहुती देताना 'इदं न मम' म्हणतो, तेव्हा आपण काय देतो आहोत आणि कुणाला देतो आहोत हे निदान त्याला ठाऊक असते. आमचा नवा वेदान्ती आपला सारा पत्रव्यवहार परस्वाधीन करतो आणि वर विचारतो, "त्यात एवढे काय? सगळे क्लाउडमध्ये तर आहे!" हा क्लाउड कुठे आहे, कुणाचा आहे, त्याच्या दाराला कुलूप कुणाचे आहे, हे प्रश्न त्याला पडत नाहीत. कंपनी मोठी आहे, ती काय बुडणार आहे थोडीच, एवढ्यावर त्याचे समाधान होते.

ह्या वेदान्ताची एक पुढची पायरी आहे, आणि तिच्यामुळेच मला हा लेख लिहावा लागत आहे. संगणकावर मेलचा स्वतंत्र प्रोग्राम बसवून आपली तीन-चार खाती त्यात नीट लावून घेणाऱ्या माणसाची हल्ली थट्टा होते. ब्राउझर उघडला की मेल समोर येते, हातातल्या फोनवर तर ती न बोलावता येते. मग थंडरबर्ड, आउटलुक असली लोढणी गळ्यात कशाला बांधायची? मिक्सर असताना पाटा-वरवंटा घेऊन बसण्यासारखेच हे आहे, असे सांगण्यात येते. सांगणारे बहुधा पदवीधर असतात, आणि त्यांच्या सांगण्यात एक प्रकारची कीव असते.

मला ह्या कीवेचे उत्तर द्यावयाचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: ज्याला एकाहून अधिक कामे आहेत त्याने एकाहून अधिक मेलखाती ठेवावीत; ती एकमेकांत मिसळू देऊ नयेत; ती सर्व आपल्या संगणकावर एका ठिकाणी वाचावीत; आणि प्रत्येक पत्राची एक प्रत आपल्या घरात, आपल्या मालकीच्या जागेत ठेवावी. ह्यात हौशीचा किंवा जुनाटपणाचा काही संबंध नाही. आपल्या पत्रांवर आपली सत्ता असावी की नसावी, एवढाच प्रश्न आहे.

२

प्रथम ई-मेल ही वस्तू काय आहे ते पाहू. पुष्कळांच्या मनात ई-मेल म्हणजे एखाद्या कंपनीने दिलेली सोय असते. वस्तुतः ती कुणा कंपनीची नाही. १९७१ साली रे टॉमलिन्सन ह्या अमेरिकन अभियंत्याने शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन संगणकांमध्ये पहिला संदेश पाठवला, आणि माणसाचे नाव व त्याच्या यंत्राचे नाव वेगळे ओळखता यावे म्हणून त्या दोहोंमध्ये आज सर्वांच्या परिचयाचे झालेले ते ॲटचे चिन्ह घातले. १९८२ साली जॉन पोस्टेलने पत्र एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसे जावे ह्याचे नियम लिहून प्रसिद्ध केले, ते एसएमटीपी. टपालपेटीतून पत्रे उतरवून घेण्याचा नियम, म्हणजे पीओपी, १९८४ मधला. पत्रे तिकडेच ठेवून ती इकडून वाचण्याचा नियम, म्हणजे आयमॅप, मार्क क्रिस्पिनने १९८६ मध्ये स्टॅनफर्डला सिद्ध केला. हे सारे नियम खुले आहेत. ते पाळणारा कोणताही प्रोग्राम कोणत्याही टपालघराशी बोलू शकतो. पुण्यातला माणूस एका कंपनीच्या खात्यातून नागपुरातल्या दुसऱ्या कंपनीच्या खातेदाराला लिहितो आणि पत्र पोहोचते; उभयतांनी एकाच दुकानातून माल घेण्याची अट नाही. आज जी संदेशाची साधने घरोघर चालतात त्यांपैकी बहुतेकांना हा मोठेपणा नाही. तिथे एका वाड्यातला माणूस दुसऱ्या वाड्यातल्या माणसाशी बोलू शकत नाही.

कादंबरी लिहिणाऱ्या बाईला ह्या इतिहासातली एक गोष्ट विशेष मोहात पाडते. १९८८ साली इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नरने घरगुती संगणकासाठी मेलचा एक प्रोग्राम लिहिला आणि त्याचे नाव ठेवले युडोरा. का, तर युडोरा वेल्टी ह्या अमेरिकन लेखिकेची एक कथा आहे. तिच्यातली नायिका घरच्यांशी भांडून टपालकचेरीतच राहावयास जाते. दिवसभर मेलमध्ये बुडालेल्या त्या अभियंत्याला आपलीही गत तीच झाली आहे असे वाटले असावे. ती नायिका टपालकचेरीत गेली ती आपले सारे सामान बरोबर घेऊन. आम्ही मात्र सामान तिकडे पाठवून दिले आणि स्वतः बाहेर उभे राहिलो.

हे कसे घडले तेही सांगितले पाहिजे, कारण त्यात आपल्या एका देशबांधवाचा हात आहे. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ ह्यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केले. ब्राउझरमधून, कुठल्याही यंत्रावरून, फुकट मेल! त्यापूर्वी आपला मेलपत्ता बहुधा नोकरी देणाऱ्याचा किंवा इंटरनेटची जोडणी देणाऱ्याचा असे. नोकरी सुटली की पत्ता सुटे. हॉटमेलने माणसाला त्या दावणीतून सोडवले, हे मी कृतज्ञतेने मान्य करते. ज्या देशात घरी संगणक नव्हता आणि सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसावे लागे, त्या देशात वेबमेल हे वरदानच होते. परंतु सायबर कॅफेसाठी निघालेली सोय आम्ही घरी स्वतःचा संगणक आल्यावरही कायम ठेवली, आणि धर्मशाळेची सवय लागलेल्या माणसासारखे स्वतःच्या घरातही गाठोडे बांधूनच बसलो, ह्याला काय म्हणावे?

३

आता अनेक खात्यांची गोष्ट. "एका माणसाला चार खाती कशाला?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. माणूस एक असला तरी त्याची नाती एक नसतात. मी शाळेत शिकवते. शाळेचे खाते आहे. मी लिहिते, प्रकाशक, संपादक, मुद्रितशोधक ह्यांच्याशी माझा वेगळा व्यवहार आहे. बँक, वीजबिल, आधार, आयकर ह्यांचे तिसरे. आणि ज्या दुकानांना, ॲपांना पत्ता दिल्यावाचून ती आत घेत नाहीत, त्यांच्या जाहिरातींच्या चिखलासाठी चौथे. ह्या चौथ्यामुळे पहिली तीन स्वच्छ राहतात, आणि उद्या एखाद्या दुकानाची यादी चोरीला गेली तर बँकेचा पत्ता चोराच्या हाती लागत नाही.

ह्यांपैकी शाळेचे खाते माझे नाही, ते शाळेचे आहे, हा भेद तर आपल्या सार्वजनिक जीवनात कुणी मानतच नाही. कितीतरी शाळांची, ग्रंथालयांची, सहकारी संस्थांची खाती कुणा उत्साही शिक्षकाने किंवा कारकुनाने कधीकाळी स्वतःच्या फोन नंबरावर उघडून दिलेली असतात. त्याची बदली होते, तो निवृत्त होतो, आणि मग शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र पाहावयाचे तर ओटीपी विचारण्यासाठी दर वेळी शेजारच्या तालुक्यात फोन करावा लागतो. दप्तर कार्यालयाचे असते, कारकुनाचे नसते, हे तत्त्व कागदाच्या जमान्यात शिपायालाही कळत होते. चार्ज देताना-घेताना कपाटाच्या किल्ल्यांची यादी होत असे. मेलच्या पासवर्डाची अशी यादी कुठल्या शाळेत होते?

एवढी खाती झाली म्हणजे ती वाचण्याचा प्रश्न येतो, आणि इथे वेबमेलचा भक्त दोन मार्ग सुचवतो. पहिला असा की, चार टॅब उघडून बसा. ह्याचा परिणाम म्हणजे ज्या खात्याचा टॅब दिसत नाही त्यातले पत्र आठ दिवस पडून राहते. दुसरा मार्ग असा की, बाकीच्या खात्यांतील पत्रे एका खात्याकडे आपोआप वळवून द्या. हा मार्ग सोपा दिसतो, पण त्यात तीन खड्डे आहेत. एक, मूळ पत्र भलत्याच यंत्राकडून आल्यासारखे दिसते. पत्र पाठवणारे यंत्र त्या पत्त्याचे खरे प्रतिनिधी आहे की नाही हे आता टपालघरे कसोशीने तपासतात, आणि असे वळवलेले पत्र पुष्कळदा बनावट समजून स्पॅममध्ये फेकले जाते. दोन, उत्तर देताना शाळेच्या पत्राला घरच्या पत्त्यावरून उत्तर जाते आणि दप्तरात अर्धाच व्यवहार राहतो. तीन, सगळी अंडी एकाच टोपलीत जातात: ते एक खाते बंद पडले की चारही बंद. शिवाय ही सोय देणाऱ्याच्या मर्जीवर आहे. दुसऱ्या खात्यांतील पत्रे पीओपीने ओढून आणण्याची जीमेलमधली जुनी सोय २०२६ पासून काढून घेत असल्याचे गूगलने २०२५ साली जाहीर केले; वर्षानुवर्षे तिच्यावर विसंबलेल्या लोकांना कुणी विचारले नव्हते.

मेलचा प्रोग्राम हे काम मुळापासून नीट करतो. डाव्या बाजूस चारही खाती एकाखाली एक. प्रत्येकाचा इनबॉक्स वेगळा, पाठवलेली पत्रे वेगळी. आणि हवे असेल तर सर्वांचा मिळून एक इनबॉक्स केवळ दिसण्यापुरता, आतून प्रत्येक पत्र आपापल्या घरी. शाळेच्या पत्राला उत्तर लिहावयास घेतले की पाठवणाऱ्याच्या जागी शाळेचाच पत्ता येतो. शोधावयाचे झाले तर चारही खात्यांत एकदम शोधता येते, आणि वीज आहे पण नेट नाही अशा वेळीही येते. गावोगावच्या वाचकांना ही शेवटची सोय किती मोलाची आहे ते मी सांगावयास नको.

४

परंतु नुसता प्रोग्राम बसवला म्हणजे झाले, असे मानणाऱ्यांशीही माझे भांडण आहे; कारण ते अधिक धोक्याच्या भ्रमात असतात. पत्रे आता आपल्या संगणकावर आली, असे त्यांना वाटते. ती आलेली असतातच असे नाही. हल्ली बहुतेक प्रोग्राम खाते आयमॅपने जोडतात, आणि आयमॅप हा आरसा आहे. तिकडे जे आहे ते इकडे दिसते. इकडे पत्र पुसले की तिकडचे पुसले जाते. आणि तिकडे खाते रिकामे झाले की पुढच्या खेपेस आपल्या संगणकावरचेही रिकामे होते. चोराने घर धुऊन नेले तर आरशात दागिने उरतील काय?

पीओपीची रीत वेगळी. ती पत्र उतरवून आपल्याकडे आणते. मूळ प्रत तिकडे ठेवावी की काढावी हे आपण सांगावयाचे. फोन आणि संगणक दोन्हींवर वाचणाऱ्याला पीओपी गैरसोयीची, कारण एका ठिकाणी वाचलेले दुसरीकडे न वाचलेलेच राहते. म्हणून मी दोहोंचा मेळ घालते, आणि तोच वाचकांना सांगते. रोजच्या वाचनासाठी आयमॅप ठेवावे. पण थंडरबर्डसारख्या प्रोग्राममध्ये 'लोकल फोल्डर्स' नावाची जी जागा असते, ती खरोखर आपल्या डिस्कवर असते. दर महिन्याच्या अखेरीस जपण्याजोगी पत्रे तिथे कॉपी करावीत आणि त्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर काढावी. जीमेलच्या बाबतीत एक ध्यानात ठेवावे. तिथे फोल्डर नसून लेबले असतात. आयमॅपमधून प्रत्येक लेबल फोल्डरसारखे दिसते, त्यामुळे एकच पत्र तीन ठिकाणी आढळते. ते तीन नव्हेत. हे न जाणता नक्कल समजून पुसावयास गेलेल्या माणसाने मूळच गमावल्याची उदाहरणे कमी नाहीत.

थंडरबर्ड आपली पत्रे एमबॉक्स नावाच्या रीतीने ठेवतो. ही पोथीसारखी साधी रीत आहे: एकाखाली एक पत्रे लिहिलेली लांबच लांब फाइल, जी कुठल्याही साध्या संपादकात उघडते. प्रोग्राम मरतात, हे मला मान्य आहे. आउटलुक एक्सप्रेस गेला. युडोरा गेला आणि २०१८ साली त्याचा मूळ कोड संग्रहालयाने प्रसिद्ध केला. विंडोजमधल्या 'मेल' ह्या ॲपचा आधार २०२४ च्या अखेरीस संपला. पण एमबॉक्स प्रोग्रामच्या आधीची आहे आणि त्याच्या मागेही राहील. म्हणून प्रोग्राम निवडताना तो दिसतो कसा हे न पाहता तो पत्रे कोणत्या रीतीने आणि कुठे ठेवतो हे पाहावे. विंडोजबरोबर येणारा नवा आउटलुक इतर कंपन्यांच्या खात्यांतील पत्रेही मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून फिरवून आणतो, हे त्या कंपनीनेच आपल्या माहितीपत्रकात सांगितले आहे. तो संगणकावर बसतो म्हणून त्याला घरचा समजू नये.

५

आता कंपनी मोठी आहे, ती बुडणार नाही, ह्या मुद्द्याकडे वळते. कंपनी बुडत नाही, हे खरे. तिचे मन मात्र बदलते. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी आले तेव्हा इतर ठिकाणी दोन-चार एमबी जागा मिळत असे. ह्यांनी एकदम एक जीबी दिली आणि पत्र पुसण्याची गरजच उरली नाही, असे सांगितले. लोकांनी पुसणे सोडून दिले. आज फुकटची जागा पंधरा जीबी आहे, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो ह्यांना मिळून. २०२१ च्या जूनपासून नव्या फोटोंचे वजनही तिच्यातच धरू लागले. नातवाचे फोटो वाढले की आजोबांची मेल यावयाची थांबते, आणि मग महिन्याचे भाडे भरा म्हणून सूचना येते. २०२३ साली गूगलने जाहीर केले की दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्यात येतील, आणि त्या डिसेंबरपासून तसे सुरूही झाले. याहू ग्रुप्स २०२० च्या डिसेंबरात कायमचे बंद झाले, त्यावरील जुना संग्रह त्याआधीच काढून टाकला होता. ह्यात कुणी कायदा मोडला नाही. जागा त्यांची होती. अटी त्यांनी लिहिल्या होत्या. आम्ही न वाचता 'मान्य' म्हटले होते.

भाडेकरू म्हणून तरी आम्हांला काही हक्क असावेत! मुंबईत १९४७ साली भाडे नियंत्रणाचा कायदा झाला, १९९९ मध्ये महाराष्ट्रभर नवा आला. चाळीतल्या भाडेकरूलाही मालक एका रात्रीत बाहेर काढू शकत नाही. मेलच्या भाडेकरूचे खाते मात्र एखादे यंत्र संशयावरून बंद करते, आणि दाद मागावयाची ती दुसऱ्या यंत्राकडे. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली. मेलच्या पत्त्याला ती नाही. २०१९ च्या विदा-संरक्षण विधेयकात आपली माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ साली जो कायदा झाला त्यातून तो गळाला. युरोपात तो २०१८ पासून लागू आहे. आमच्या लोकसभेत ह्यावर किती जणांनी आवाज काढला? आणि आम्ही लेखक, ज्यांचे सारे आयुष्य कागदपत्रांवर उभे आहे, त्यांनी तरी काढला काय?

कायद्याची वाट न पाहता एक मार्ग आजही खुला आहे. स्वतःच्या नावाचे एखादे डोमेन वर्षाला काही शे रुपयांत, म्हणजे दिवाळी अंकांच्या दोन-चार प्रतींच्या किमतीत मिळते. पत्ता त्या नावाचा घ्यावा. टपालघर कुणाचेही असो. उद्या टपालघर पटले नाही तर डोमेनच्या नोंदीत नव्या टपालघराचे नाव लिहावे. पत्ता तोच राहतो, पत्र लिहिणाऱ्याला कळतही नाही. नूतनीकरणाची तारीख तेवढी चुकवू नये. शाळा, ग्रंथालये, नियतकालिके ह्यांनी तर ह्याखेरीज दुसरा पत्ता ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

६

आता प्रतिपक्षाचे उरलेले आक्षेप.

"संगणक बिघडतो, चोरीस जातो, कंपनीकडे तरी सुरक्षित आहे." मी कंपनीकडची प्रत काढून टाका असे म्हणतच नाही; दुसरी प्रत घरी ठेवा म्हणते. खुद्द गूगलला हे तत्त्व ठाऊक आहे. २०११ च्या फेब्रुवारीत एका दोषामुळे जीमेलच्या काही थोड्या खातेदारांची पत्रे नाहीशी झाली, तेव्हा ती कशावरून परत आणली? नेटपासून अलग ठेवलेल्या चुंबकीय फितींवरून. क्लाउडचा मालक स्वतः फितींवर नक्कल ठेवतो आणि त्याचा भाडेकरू मला सांगतो की नकलेची गरज नाही!

"गुप्ततेचे काय?" कंपनी माणसे बसवून पत्रे वाचवून घेते असे मी म्हणत नाही. जाहिराती जुळवण्यासाठी पत्रांचा मजकूर चाळणे गूगलने २०१७ मध्ये थांबवत असल्याचे सांगितले. पण त्याआधीची तेरा वर्षे ते चालले होते आणि लोकांना त्याचे काही वाटत नव्हते, हे मला अधिक चिंतेचे वाटते. पोस्टमनने पाकीट फोडून त्यात साबणाची जाहिरात घातली असती तर गावाने त्याला फोडून काढले असते.

"सामान्य माणसाला हे जमणार नाही." हा आक्षेप मला सर्वांत अधिक झोंबतो, कारण तो नेहमी सामान्य माणसाच्या वतीने असामान्य माणसे घेतात. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे शिकलेली नाही. खाते जोडताना हल्ली प्रोग्राम पत्ता विचारतो, बहुधा टपालघराचे नाव स्वतः शोधतो, आणि कंपनीच्या पानावर नेऊन परवानगी घेतो. २०२२ पासून गूगलने साधा पासवर्ड देऊन आत येण्याची जुनी वाट बंद केली, आणि ते योग्यच केले; ज्या प्रोग्रामला नवी रीत येत नाही त्याच्यासाठी सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड काढून मिळतो. ह्या साऱ्याला एक दुपार लागते. ज्या समाजातल्या बायका सातबारा, रेशनकार्ड आणि शालार्थचे अर्ज भरतात त्यांना एक दुपार जड नाही. जड आहे ते एवढेच की हे शिकवावयाचे असते हे कुणी मानत नाही. शाळेतल्या संगणकाच्या तासाला आम्ही मुलांना चित्राला रंग भरावयास आणि स्लाइडा सरकवावयास शिकवतो. स्वतःचे पत्र स्वतःच्या डिस्कवर कसे उतरवावे हे दहावीपर्यंत एकदाही शिकवत नाही.

"फोनवर सगळे होते." होते, पण फोन हा वाचण्याचा आणि चटकन उत्तर देण्याचा रस्ता आहे. दप्तर ठेवण्याची ती जागा नव्हे. खुले नियम पाळणारे प्रोग्राम फोनवरही आहेत. २०२४ पासून थंडरबर्ड अँड्रॉइडवर आला आहे. म्हणजे फोनच्या भक्तांनाही स्वतःच्या मताला चिकटून राहण्याचे कारण उरलेले नाही.

७

हे सारे एका वाङ्मयीन नियतकालिकात का लिहिते, असे कुणी विचारील. इथेच ते लिहावयास हवे म्हणून.

मराठ्यांचा इतिहास पत्रांवर उभा आहे. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि पुढे एकूण बावीस काढले. त्यांसाठी ते गावोगाव जुनी दप्तरे धुंडाळीत हिंडले. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून पंचेचाळीस भाग निवडून छापले. हे शक्य झाले, कारण कुणा कारकुनाने रुमालात बांधून ठेवलेले कागद दीडशे वर्षे माळ्यावर पडून राहिले. त्यांना दर दोन वर्षांनी 'लॉग इन' करावे लागत नव्हते. साहित्यातही तेच. जी. ए. कुलकर्णी १९८७ साली गेले. त्यांची पत्रे खंडांमागून खंड निघाली, आणि कथांइतक्याच आवडीने लोकांनी ती वाचली. ती त्यांच्या स्नेह्यांनी जपली होती, म्हणून.

आजच्या लेखकाच्या बाबतीत काय होणार? माझ्या परिचयाचे एक कथाकार दोन-तीन वर्षांमागे वारले. त्यांचे संपादकांशी, अनुवादकांशी झालेले सारे लिहिणे एका फुकटच्या खात्यात होते. मुलाने कंपनीला लिहिले, मृत्यूचा दाखला पाठवला. ठराविक मजकुराची उत्तरे येत राहिली. एका संग्रहाची त्यांनी बदललेली शेवटची प्रत त्या खात्यातच होती. ती कुणालाही मिळाली नाही, आणि आता जुना मजकूर छापावा की थांबावे ह्या विवंचनेत ते घर आहे. आपल्यामागे खाते कुणाच्या हाती द्यावे हे नेमून ठेवण्याची सोय काही कंपन्या देतात. गूगलने ती २०१३ पासून दिली आहे. २०२३ च्या कायद्यातही आपल्या माहितीसाठी वारस नेमण्याचा हक्क लिहिला आहे. पण बँकेच्या ठेवीवर न चुकता नॉमिनी लावणारा मराठी माणूस मेलच्या खात्याला तो लावीत नाही. कारण त्या खात्यात काही धन आहे असे त्याला वाटतच नाही.

मराठीचे आणखी एक दुखणे आहे. युनिकोड सर्वत्र होण्यापूर्वी आपण ज्या निरनिराळ्या फाँटांत मराठी लिहीत होतो, त्या काळची पत्रे आज ब्राउझरमध्ये उघडली तर निरर्थक अक्षरांचा ढीग दिसतो. ती वाचवावयाची तर आधी मूळ फाइल आपल्या हातात हवी. मग जुना फाँट लावून किंवा रूपांतर करून ती वाचता येते. वेबमेलच्या पडद्यावर हे करता येत नाही. म्हणजे ज्या इंग्रजीचे काहीच जळत नाही तिने क्लाउडवर निर्धास्त राहावे हे एक वेळ समजू शकते. आम्हांला ती चैन परवडणारी नाही.

तेव्हा साहित्य संस्थांना, ग्रंथालयांना आणि प्रकाशकांना माझे मागणे आहे. संमेलनात अभिजात दर्जाचे ठराव पुष्कळ झाले; आता लेखकांची मेल-दप्तरे एमबॉक्सच्या रूपात स्वीकारणारा, ती त्यांच्या अटींवर मिटून ठेवणारा एक विभाग तरी एखाद्या ग्रंथालयाने काढावा. शाळांनी आपल्या खात्याचा पत्ता, फोन नंबर आणि पासवर्ड चार्जच्या यादीत लिहावा. आणि लेखकांनी दुसऱ्यांची वाट न पाहता ह्या दिवाळीच्या सुट्टीतली एक दुपार काढावी, आपली सर्व खाती एका प्रोग्राममध्ये जोडावीत, आणि जुन्यातले जुने पत्र प्रथम उतरवून घ्यावे. त्याची मुदत सर्वांत आधी संपणार आहे.